ब्लूटूथ की वाय-फाय? आधी बघा, गाणं नेमकं वाजवतंय कोण

कॉम्प्युटरवर गाण्यांचा साठा आहे, खोलीत चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि मोठे स्पीकर आहेत, मधे वायर मात्र नको आहे. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो: "ब्लूटूथने जोड नाहीतर वाय-फायने, एकूण एकच." हे एकच नाही. दोन्हींत वायर नसते एवढंच साम्य. एकात कॉम्प्युटर गाणं वाजवतो आणि तो आवाज पलीकडे पोचवतो. दुसऱ्यात कॉम्प्युटर फक्त फाईल देतो, वाजवतो अ‍ॅम्पशेजारचा डबा.

आधी ब्लूटूथ. प्लेअरमध्ये गाणं लावलं की कॉम्प्युटर ती फाईल उलगडून आवाजाचे कच्चे आकडे काढतो. सीडीच्या दर्जाचं गाणं असेल तर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. एवढा ऐवज ब्लूटूथच्या नेहमीच्या संगीत-जोडणीत मावत नाही, म्हणून तो पुन्हा दाबून लहान करावा लागतो. त्यासाठी प्रत्येक उपकरणात असावाच लागतो असा कोडेक (आवाज दाबण्या-उलगडण्याची पद्धत) म्हणजे एसबीसी. त्याचा चांगला दर्जा धरला तरी साधारण 328 किलोबिट. एलडॅक हा दुसरा कोडेक 990 पर्यंत जातो, पण तो दोन्ही टोकांना असावा लागतो आणि सिग्नलही दणकट हवा. तुमची मूळ फाईल एमपी3 असेल तर तिच्यातून एकदा आवाज गाळला गेलेला असतोच. आता तोच वेगळ्या गाळणीतून पुन्हा जातो.

कानाला हे कळतं का? खूपदा नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. काम करता करता मागे गाणं चालू असेल तर अजिबात नाही. पण मैफलीच्या रेकॉर्डिंगमधल्या टाळ्या ऐका, किंवा झांजेचा विरत जाणारा नाद. टाळ्यांचा वेगवेगळा कडकडाट एकमेकांत मिसळून पाऊस पडल्यासारखा वाटायला लागतो, तो दाबून लहान केल्याचा परिणाम.

माझी खरी तक्रार दर्जाची नाहीच. ब्लूटूथने कॉम्प्युटरचा सगळा आवाज अ‍ॅम्पकडे जातो. एकदा रात्री दिवे मालवून एक संथ व्हायोलिनवादन ऐकत होते. आवाज हळू असलेला तुकडा म्हणून अ‍ॅम्पचं बटण बरंच पुढे फिरवलेलं. तेवढ्यात मेल आली आणि तिचं "टिंग" त्या मोठ्या स्पीकरमधून असं कोसळलं की मी उठून बसले. त्या रात्रीनंतर मी दुसऱ्या पद्धतीकडे वळले.

त्या पद्धतीत अ‍ॅम्पला एक नेटवर्क प्लेअर जोडलेला असतो. तो घरच्या वाय-फायवर कॉम्प्युटरमधला साठा बघतो आणि हवी ती फाईल मागवून घेतो. डीएलएनए हे नाव तुम्ही डब्यांवर वाचलं असेल, ते याच कामाचं. फ्लॅक फाईल (आवाजात घट न करता लहान केलेली) जशी आहे तशी पलीकडे जाते, तिथेच उलगडली जाते आणि तिथल्याच डॅकमध्ये आकड्यांचा आवाज होतो. वाटेत डेटाचा एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो. प्लेअरने काही सेकंदांचं गाणं आधीच साठवून ठेवलेलं असतं, त्यामुळे तेवढी उसंत असते. ब्लूटूथही हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतो, पण त्याच्या हातात वेळ फार थोडा असतो, म्हणून मधे माणूस आला तरी कधीकधी तुटतं. मेलचं टिंग मात्र कॉम्प्युटरवरच राहतं, कारण ते त्या फाईलमध्ये नाहीच.

खरा गोंधळ होतो तो मधल्या मंडळींमुळे. अ‍ॅपलचा एअरप्ले (2004 साली तो एअरट्यून्स नावाने आला, 2010 मध्ये नाव बदललं) वाय-फायवर चालतो, पण मॅकवरून पाठवताना वाजवणारा कॉम्प्युटरच असतो. आवाजात घट न करता तो पाठवू शकतो, हे त्याचं मोठेपण. मात्र मॅकचा सगळाच आवाज तिकडे वळवला तर टिंगसुद्धा मागोमाग जाऊ शकतं. गूगलच्या क्रोमकास्ट या डब्याचं तर आणखी वेगळं. संगीताच्या अ‍ॅपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं तर तो डबा स्वतः इंटरनेटवरून गाणं आणतो. तेच चिन्ह दाबून ब्राउझरचा टॅब कास्ट केला तर मात्र कॉम्प्युटर आवाज दाबून पाठवत बसतो. चिन्ह एकच, कामं दोन.

आपल्याकडे काय चाललंय हे ओळखायला लॅपटॉपचं झाकण मिटून बघा. लॅपटॉप झोपला की ब्लूटूथवरचं गाणं तिथल्या तिथे थांबतं. इंटरनेटवरून स्वतः आणणारा डबा वाजवत राहतो. फाईल लॅपटॉपमध्येच असेल तर तोही थोड्या वेळाने गप्प होईल, पण साठवलेलं संपल्यावर.

सिनेमा बघायचा असेल तर गणित उलटतं. ब्लूटूथचा उशीर सेकंदाच्या अंशाएवढा असतो आणि बरेच व्हिडिओ प्लेअर तो सांभाळून घेतात. जुन्या पद्धतीच्या एअरप्लेवर तो दोन सेकंदांच्या आसपास जातो. नेटवर्क प्लेअर तर या कामाला जवळजवळ निरुपयोगीच, कारण त्याला चित्राशी काही देणंघेणं नाही.

कुठलाही डबा घ्या, शेवटची जोडणी मात्र वायरचीच: डब्याच्या लाइन आउटमधून अ‍ॅम्पच्या मागच्या लाल-पांढऱ्या जोडीत. ऑक्स, सीडी, ट्यूनर यांतली कोणतीही चालेल. फोनो लिहिलेली नको. ती रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असते. तिथे आवाज कितीतरी पटींनी वाढवला जातो आणि खर्ज जास्त उचलला जातो, त्यामुळे गाणं फाटल्यासारखं घोगरं येतं. जुन्या अ‍ॅम्पवर बाकी जागा भरलेल्या असतील तर टेपची जोडी शोधा, आणि तिच्यातही रेक नव्हे, प्ले लिहिलेली.