चौदा गुण आले कुठून?

कॅमेरा घ्यायचं ठरलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, 'सेन्सरला (म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपला) गुण किती?' २०१२ साली निकॉनचा डी८०० आणि कॅननचा ५डी मार्क ३ पाठोपाठ बाजारात आले. डीएक्सओमार्क या फ्रेंच चाचणीने पहिल्याला ९५ गुण दिले, दुसऱ्याला ८१. निकॉनवाल्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. तरीही कॅननवर पोट असलेले छायाचित्रकार तोच कॅमेरा घेऊन कामाला जात राहिले. मग हे १४ गुण होते कशाचे?

पावसाचे पहिले थेंब फरशीवर पडताना बघा. फरश्या सारख्याच आकाराच्या, ढगही एकच, तरी एकीवर चार थेंब, शेजारचीवर नऊ आणि तिसरी कोरडी. प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. त्याचा थेंब म्हणजे फोटॉन आणि सेन्सरवरची फरशी म्हणजे पिक्सेल. सरासरी १०० फोटॉन यायचे असतील तर साधारण १० इकडेतिकडे होतात, म्हणजे १० टक्के. १०,००० यायचे असतील तर १००, म्हणजे अवघा १ टक्का. चढउतार वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. अंधारातल्या फोटोतली रवाळ खरखर बरीचशी हीच असते आणि तिच्यापुढे कुठल्याच कारखान्याचं काही चालत नाही. आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते ठरवणारं कॅमेऱ्यावरचं सेटिंग, वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश पकडतो हा समजही इथेच गळून पडतो. आयएसओने आलेला संकेत मोठा होतो. फोटॉन एकही वाढत नाही.

चाचणीतला कमी प्रकाशाचा आकडा म्हणजे, इतर दोन अटी बाजूला ठेवल्या तर, संकेत खरखरीच्या सुमारे ३२ पट (३० डेसिबल) टिकतो तो सर्वांत वरचा आयएसओ. निकॉनचा २८५३, कॅननचा २२९३. फरक सव्वापटीचा, म्हणजे एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). लेन्सचं छिद्र एफ/२.८ वरून एफ/२ केलं तर पूर्ण एक स्टॉप मिळतो!

खरी दरी होती डायनॅमिक रेंजमध्ये, म्हणजे एकाच फोटोत गडद सावलीपासून लख्ख उजेडापर्यंत किती पल्ला टिपता येतो त्यात: निकॉन १४.४ स्टॉप, कॅनन ११.७. पिक्सेलमध्ये जमलेल्या इलेक्ट्रॉनांचा संकेत शेवटी आकड्यात बदलावा लागतो. कॅननच्या तेव्हाच्या रचनेत तो कच्च्या विद्युतरूपातच सेन्सरबाहेरच्या चिपपर्यंत जाई, मोजक्या वाटांनी आणि प्रचंड घाईत. त्या प्रवासात त्याला खरखर चिकटे. निकॉनमधल्या सोनीच्या सेन्सरवर मात्र पिक्सेलच्या प्रत्येक उभ्या रांगेला आपापला परिवर्तक, म्हणजे संकेताचा आकडा करणारा भाग, होता. परिवर्तक हजारो असल्यामुळे प्रत्येकाला सावकाश मोजायला सवड मिळे आणि एकदा आकडा झाला की वाटेतली खरखर त्याला बाधत नसे. गंमत पुढेच आहे. आयएसओ वाढवला की संकेत या प्रवासाआधीच मोठा केला जातो, त्यामुळे वाटेतली खरखर त्याच्यापुढे किरकोळ ठरते आणि दोन्ही कॅमेरे जवळपास बरोबरीला येतात.

म्हणजे सूर्योदयाचं निसर्गचित्र काढणारा, आकाश सांभाळून रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधली सावली तीन-चार स्टॉप उजळवणारा माणूस असेल तर त्याला या गुणांची किंमत आहे. जुन्या कॅननच्या सावल्यांत त्याला पट्टे दिसत. संध्याकाळी ३२०० आयएसओवर पक्षी टिपणाऱ्याला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याचा फोटो हुकतो तो फोकसमुळे आणि फोकस या गुणांत मोजलेलाच नसतो.

हे गुण १०० पैकीही नसतात. हॅसलब्लाडच्या एक्स१डीला १०२ मिळाले. अशा गुणपत्रिकेवर एका गुणासाठी हमरीतुमरीवर येणाऱ्यांची मला मौज वाटते.

२०१६ साली कॅननने ५डी मार्क ४ मध्ये परिवर्तक सेन्सरवरच बसवले. डायनॅमिक रेंज १३.६ स्टॉपवर गेली आणि गुण ८१ चे ९१ झाले. कमी प्रकाशाचा आकडा मात्र २९९५, म्हणजे चार वर्षांत अर्धा स्टॉपही पुढे सरकला नव्हता.