जवळची शाळा कुणाच्या जवळची? बडोद्यातल्या वादामागची गोष्ट

पट कमी म्हणून एक शाळा दुसरीत मिळवायची, किंवा एखाद्या वस्तीच्या मुलांना नेहमीच्या शाळेऐवजी पलीकडच्या शाळेत घालायचं, असा प्रस्ताव निघाला की बडोद्यातल्या पालकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एकच बाई तीन इयत्ता एका खोलीत सांभाळतात, त्यापेक्षा मोठी शाळा बरी. तिथे प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळेल. दुसरा तट विचारतो, सहा वर्षांचं लेकरू एवढा मोठा रस्ता रोज ओलांडणार कसं, आणि वर्दीच्या, म्हणजे शाळेत ने-आण करणाऱ्या, रिक्षाचे पैसे कोण भरणार? दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. मराठी माध्यमाच्या पालकांचा मात्र आणखी एक प्रश्न असतो आणि तो बहुधा बैठक उठायच्या वेळी कुणीतरी विचारतं: तिथे मराठीत शिकवतील ना?

हा प्रश्न मागे का पडतो, याचं उत्तर आजच्या अधिकाऱ्यांच्या स्वभावात शोधून सापडणार नाही. शाळेचं ‘जवळ’ असणं मोजायची रीत कशी घडली, त्यात ते आहे.

बडोद्यात ही मोजणी फार आधी सुरू झाली. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या मोजक्या गावांत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ मध्ये कायद्याने ते साऱ्या संस्थानाला लागू केलं. मुलींनाही. पुढे केंद्रीय कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता; ते विधेयक १९१२ मध्ये पडलं. हे सगळं आपल्याकडे शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, म्हणून लांबवत नाही. ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच, की त्या कायद्याने बांधलं होतं ते आई-बापाला. मूल शाळेत गेलं नाही तर दंड पालकाला व्हायचा. शाळेची हद्द म्हणजे ज्या घरांवर सक्ती लागू, त्या घरांची हद्द.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण महाराजांचा गौरव करताना ती सुटते. जवळची शाळा सगळ्यांसाठी जवळची नव्हती. अंत्यज, म्हणजे अस्पृश्य, म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी १८८० च्या दशकात वेगळ्या शाळा काढाव्या लागल्या, आणि तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक पुढे येईनात म्हणून मुसलमान आणि नंतर आर्यसमाजी शिक्षकांनी त्या चालवल्या. दारासमोरची शाळा सोडून लांबच्या शाळेत जाणं हे या शहरात काही मुलांच्या वाट्याला तेव्हाच आलं होतं. अंतर हा नुसता रस्त्याचा हिशोब कधीच नव्हता.

१९४९ च्या मे महिन्यात बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. मुंबईचा १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळांचा कारभार पालिकेच्या शिक्षण समितीकडे गेला. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला तरी तो कायदा गुजरातने आपल्यापुरता चालू ठेवला. मराठी घरांसाठी मात्र १९६० ने सगळं बदललं. मुंबई राज्यात मराठी ही राज्याच्या दोन मोठ्या भाषांपैकी एक होती. १ मे १९६० च्या सकाळी दांडिया बाजारातलं किंवा रावपुऱ्यातलं मराठी घर भाषिक अल्पसंख्य झालं. कुणी गाव सोडलं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे दीड टक्का होते.

अल्पसंख्य भाषेच्या मुलांसाठी नियम त्याआधीच झाला होता, आणि आज जे बैठकांना जातात त्यांनी तो पाठ करावा असा आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला: प्राथमिक टप्प्यावर माध्यम मुलाची मातृभाषाच असावी, ती प्रांताच्या भाषेहून वेगळी असेल तर त्या भाषेची किमान ४० मुलं संपूर्ण शाळेत, किंवा १० मुलं एका वर्गात असली की निदान एक शिक्षक नेमून मातृभाषेत शिकवायची सोय करावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आलं आणि अशी सोय करण्याचा प्रयत्न करणं हे प्रत्येक राज्याचं आणि स्थानिक संस्थेचं काम ठरलं. ४० आणि १० हे आकडे घटनेत नाहीत, पण पुढची कित्येक वर्षं भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांबद्दल बोलताना मोजपट्टी म्हणून तेच पुढे येत राहिले.

या ठरावात डोकी मोजली आहेत. अंतर मोजलेलं नाही. ती ४० मुलं किती लांबून येतात, यावर तो गप्प आहे.

मधल्या काळातलं थोडक्यात सांगतो. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने परिसरशाळेची कल्पना मांडली: एका वस्तीतली सगळी मुलं, श्रीमंताची आणि गरिबाची, एकाच शाळेत जातील. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात समान शाळेचं तत्त्व आलंही. प्रत्यक्षात ज्यांना परवडलं त्यांनी मुलं खासगी शाळांत घातली आणि परिसरशाळा म्हणजे पालिकेची शाळा, म्हणजे गरिबाची शाळा, असा अर्थ आपोआप रुजला. कोठारींच्या कल्पनेचा एवढा उलटा अर्थ लागावा याचं वाईट वाटतं.

मग २००९ चा शिक्षणहक्क कायदा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला नेबरहुड स्कूलमध्ये मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. सगळा गुंता या एका शब्दात आहे. कुणी त्याला शेजारची शाळा म्हणतं, कुणी परिसरातली, कुणी नजीकची. कायद्यात त्याची व्याख्या नाही. हद्द किती, हे नियमांवर सोडलं. केंद्राच्या २०१० च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी चालत १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर असं माप घातलं. पालकांच्या तोंडी तेवढंच राहिलं: एक किलोमीटर.

पण हे एक किलोमीटर बांधतं कुणाला? मुलाने या हद्दीतल्याच शाळेत जावं, असं कायदा कुठेही म्हणत नाही. या हद्दीत शाळा पाहिजे आणि नसेल तर तीन वर्षांत उभी करा, असं तो सरकारला आणि स्थानिक संस्थेला सांगतो. आपल्या पुष्कळ घरांत कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. तिथे पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, हद्दीची रेघ सरकली की घरांच्या किमती हलतात आणि पालक सभा गाजवतात, हे आपण फोनवर ऐकतो. ती हद्द मुलाला बांधते. आपली हद्द, निदान कागदावर, शाळा देणाऱ्याला बांधते. १९०६ मध्ये दंड आई-बापाला होता. २००९ ने ओझं उचलून सरकारच्या खांद्यावर ठेवलं. शंभर वर्षांत झालेला हा फार मोठा पालट आहे आणि त्याबद्दल आपण जेवढं बोलायला हवं तेवढं बोलत नाही. आपल्याकडे पत्ता मुलाच्या आड येतो तो खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखायच्या २५ टक्के जागांसाठी, कारण तिथे कायद्याने परिसरातल्याच मुलांना घ्यायचं आहे.

त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत. अवघड भूभाग, पूर, रस्ता नसणं, एकंदरीत घरापासून शाळेपर्यंत लहान मुलाला धोका असेल तिथे हद्द कमी करून धोका टाळेल अशी शाळा द्यावी. आणि कोणत्या वस्तीसाठी कोणती शाळा, ही माहिती स्थानिक संस्थेने जाहीर करावी. बडोद्याला पहिली गोष्ट तंतोतंत लागू पडते. नकाशावर विश्वामित्री नदीच्या दोन काठांवरच्या शाळा हाकेच्या अंतरावर दिसतात. चालायचं तर पूल गाठावा लागतो, आणि ऑगस्ट २०२४ सारखा पूर आला की पुलापर्यंतही पोचता येत नाही. रेल्वेच्या रुळांनी शहराचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे केले आहेत. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यात, पावसाळ्यात पाणी भरतं हे बडोद्यात कुणाला सांगावं लागत नाही. नियम चालत जायचं अंतर म्हणतो. कंपासने काढलेलं वर्तुळ म्हणत नाही. विलीनीकरणाच्या कागदावर अंतराचा आकडा असला तर तो कुठल्या रस्त्याने मोजला, हे विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

आता भाषा. याच कायद्याच्या २९ व्या कलमात म्हटलं आहे, की शिक्षणाचं माध्यम ‘शक्य असेल तिथवर’ मुलाची मातृभाषा असावी. ते शिक्षणक्रमाच्या कलमात आहे. परिसरशाळेच्या कलमात नाही. सारी अडचण इथे आहे. १९४९ च्या ठरावाने डोकी मोजली आणि अंतर सोडलं. २०१० च्या नियमांनी अंतर मोजलं आणि भाषा सोडली. दोन मोजपट्ट्या दोन वेगळ्या दप्तरांत राहिल्या, एका कागदावर कधी आल्याच नाहीत. त्यामुळे वाडीतल्या मराठी घरापासून चारशे मीटरवर गुजराती माध्यमाची शाळा असेल तर त्या घराची परिसरशाळेची गरज कागदावर भागलेली असते. मराठी शाळा अडीच किलोमीटरवर असली तरी हरकत घ्यायला अंतराच्या नियमात जागा नाही.

हे अंतर मोजलं गेलं होतं शाळा उघडण्यासाठी. गेल्या आठ-नऊ वर्षांत तेच शाळा मिटण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. २०१७ मध्ये केंद्राने लहान शाळांच्या फेरमांडणीची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना पाठवली. मध्य प्रदेशात एका आवारातल्या आणि लगतच्या शाळा एक करून सुमारे ३५ हजार शाळांच्या सुमारे १६ हजार शाळा झाल्या. महाराष्ट्रात २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळेचा, म्हणजे अशा शाळा मिळून एक मोठी शाळा करण्याचा, विचार पुढे आला. तिथेच फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून असं ठरवलं, की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने २५ टक्के जागा राखायची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ‘जवळ शाळा पाहिजे’ या वाक्याचं ‘जवळ शाळा आहेच, मग ही कशाला?’ असं झालं. आकडा तोच.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या शाळांचं संकुल सुचवलं आणि किमान पाचवीपर्यंत मातृभाषेवर भरही दिला. संकुलाची भाषा बैठकांतून ऐकू येते. मातृभाषेची त्या मानाने कमी.

बडोद्यात याला स्थानिक कारणांची जोड मिळाली. जुन्या पेठांतली मराठी कुटुंबं मांजलपूर, गोत्री, कारेलीबागेकडे पांगली. शाळा जुन्या ठिकाणी राहिल्या. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा आणि वडदला ही सात गावं शहरात आली. पंचायतीची शाळा आणि पालिकेची शाळा यांचा कारभार वेगवेगळा असतो, त्यामुळे शहराची हद्द हलली की शाळा कुणाची, हा प्रश्नही हलतो.

त्यात २०२३ ची भर पडली. त्या जूनपासून गुजरातमध्ये पहिलीसाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण हा नियम आला आणि त्याहून लहान मुलं बालवाटिकेत, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गात, गेली. पूर्वी पाच वर्षांची मुलं पहिलीत बसत, त्यामुळे त्या वर्षी पहिलीची संख्या सगळीकडे उतरली. ती तुकडी आता वरच्या वर्गांत सरकते आहे. कुठल्याही शाळेचा पट त्या एका तुकडीवरून जोखला तर शाळेवर अन्याय होईल. मराठी शाळेवर जास्त, कारण तिथे पाच मुलांनीही फरक पडतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत गुजराती भाषा पहिली ते आठवीपर्यंत सगळ्या शाळांत सक्तीची करणारा कायदा झाला. काही पालक समजतात की त्याने मराठी माध्यम संपलं. तसं नाही. तो कायदा गुजराती हा विषय शिकवण्याबद्दल आहे, माध्यमाबद्दल नाही. आणि बडोद्यातल्या मराठी मुलाला गुजराती यावी, याला आपल्यातल्या कुणाचाच विरोध नसावा.

मर्ज झालेल्या शाळेचं पुढे काय होतं, ते सांगतो. प्रत्येक शाळेला यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीचा, अकरा आकडी क्रमांक असतो. शाळा मिळवली की तिचा क्रमांक बंद होतो आणि मुलं दुसऱ्या क्रमांकाखाली मोजली जातात. मराठी शाळा होती, तिचा गुजराती शाळेतला मराठी वर्ग होतो. मुख्याध्यापक एकच, वेळापत्रक एकच, आणि जून आला की प्रवेशाच्या टेबलावर बसलेला माणूस मराठी वर्ग आहे हे सांगेल की नाही, यावर पुढच्या वर्षीची संख्या ठरते. तरीही १९४९ चा ठराव नीट वाचला तर तो अशाच शाळेसाठी लिहिलेला आहे: शाळा राज्याच्या भाषेची, आणि तिच्यात वेगळ्या मातृभाषेची ४० मुलं, किंवा नुसत्या एका वर्गात १०. विलीनीकरणाच्या प्रस्तावाला पालकांची संमती मागितली जाते तेव्हा त्या कागदावर किलोमीटर लिहिलेले असतात. त्याखाली मराठी मातृभाषेची वर्गवार संख्या आणि नेमायच्या मराठी शिक्षकांची संख्या लिहून मागता येते, सही करण्याआधी.