खडा काढावा, ग्रंथी राखावी

जेवायला बसावे, पहिला घास तोंडात जावा आणि काही क्षणांतच जबड्याखाली एका बाजूला टणक फुगवटा वर यावा. तासा-दोन तासांनी तो आपोआप ओसरावा आणि पुढच्या जेवणाला पुन्हा तेच घडावे, अशी तक्रार ऐकली की डॉक्टरांना पहिली शंका येते ती लाळग्रंथीतल्या खड्याची. जेवताना ग्रंथी जोमाने लाळ सोडू लागते. पण नलिकेत खडा अडकलेला असेल तर ती लाळ मागे तुंबते आणि ग्रंथी ताणली जाऊन ठणकू लागते. जेवण आटोपले की लाळेचा जोर कमी होतो, तुंबलेली लाळ खड्याच्या कडेने झिरपून जाते आणि सूज उतरते.

दहापैकी आठ किंवा त्याहून अधिक खडे जबड्याखालच्या ग्रंथीत सापडतात. या ग्रंथीची लाळ कानापुढच्या ग्रंथीच्या लाळेपेक्षा चिकट असते आणि तिच्यात कॅल्शियमही जास्त असते. शिवाय सुमारे ५ सेंमी लांबीची तिची नलिका खालून वर चढत जाऊन जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे, एका बारीक छिद्रातून उघडते. चढाची वाट आणि अरुंद दार, त्यात लाळ मंदावली की कॅल्शियम फॉस्फेटचे थर एकावर एक बसत जातात. रक्तातल्या कॅल्शियमच्या प्रमाणाशी या खड्यांचा सहसा संबंध नसतो, त्यामुळे केवळ खड्याच्या भीतीने दूध सोडण्यात काहीच अर्थ नाही.

पूर्वी खडा ग्रंथीच्या जवळ असेल तर ग्रंथीच काढून टाकण्याकडे कल असे, कारण वारंवार तुंबलेली ग्रंथी निकामी झालेली असणार असे गृहीत धरले जाई. मात्र अडथळा दूर झाल्यावर अशा अनेक ग्रंथी पुन्हा लाळ तयार करू लागतात असे दिसून आले, आणि शस्त्रक्रियेचा विचारच बदलला. आज रुग्णाने डॉक्टरांना आवर्जून विचारावा असा प्रश्न हाच आहे, की ग्रंथी राखून खडा काढता येईल का?

खडा नलिकेच्या पुढच्या भागात असेल आणि तोंडात बोट घालून हाताला लागत असेल, तर तो तोंडातूनच काढता येतो, बहुधा फक्त ती जागा बधिर करून. सर्जन आधी खड्याच्या मागच्या बाजूला नलिकेभोवती एक टाका घेतात, नाहीतर चीर देताना खडा घरंगळत मागे ग्रंथीकडे जाण्याचा धोका असतो. मग नेमकी खड्यावर चीर दिली जाते, पिवळसर खरबरीत खडा बाहेर येतो आणि त्याच्यामागे कोंडलेली गढूळ लाळ वाहू लागते. यानंतर ती चीर घट्ट शिवून बंद करत नाहीत. नलिकेच्या कडा तोंडातल्या अस्तराला टाके घालून जोडतात, म्हणजे लाळेला ऐसपैस नवे दार मिळते. घट्ट शिवलेली नलिका व्रणामुळे आकसू शकते आणि आकसलेल्या नलिकेत पुन्हा लाळ तुंबते. खडा मागच्या बाजूला असेल तर काम अधिक नाजूक होते, कारण तिथे जिभेला संवेदना पुरवणारी नस नलिकेला ओलांडून जाते.

१९९०च्या दशकापासून लाळनलिकेत शिरणारी दुर्बीण वापरात आली. साधारण १ ते दीड मिमी जाडीची ही दुर्बीण मूळ छिद्रातूनच आत जाते, सलाईनच्या धारेने नलिका फुगवत पुढे सरकते आणि तारेच्या इवल्या जाळीत खडा पकडून बाहेर आणते. जबड्याखालच्या ग्रंथीत सुमारे ४ मिमी आणि कानापुढच्या ग्रंथीत ३ मिमीपर्यंतचे मोकळे खडे असे निघतात. त्याहून मोठ्यांचे लेसरने तुकडे करावे लागतात किंवा दुर्बिणीला छोट्या चिरेची जोड द्यावी लागते.

ग्रंथी काढण्याची वेळ आजही येते, पण ती खडे ग्रंथीच्या गाभ्यात असतील, जंतुसंसर्ग वारंवार उलटत असेल आणि इतर उपाय थकले असतील तेव्हा. जबड्याच्या कडेखाली दोन बोटे अंतरावर चीर दिली जाते, ती खालचा ओठ हलवणारी नस वाचवण्यासाठी. उरलेल्या ग्रंथी पुरेशी लाळ देत असल्याने तोंड सहसा कोरडे पडत नाही. ताप आणि पू असताना मात्र आधी प्रतिजैविकांनी संसर्ग आटोक्यात आणतात. जिभेखालची सूज वाढून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

खडा निघाला तरी ग्रंथी तीच राहते, म्हणून पुढची काळजी शस्त्रक्रियेइतकीच मोलाची असते. लाळ वाहती ठेवणे हे तिचे सूत्र. दिवसभर पुरेसे पाणी प्यावे, जखम भरल्यावर अधूनमधून आंबट गोळी चघळावी आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे ग्रंथीवर मागून पुढे, नलिकेच्या मुखाच्या दिशेने हलका दाब द्यावा. ॲलर्जीच्या काही गोळ्या, काही मनोविकारांवरची आणि लघवीच्या तक्रारींवरची औषधे तोंड कोरडे करतात. ती स्वतःहून बंद करू नयेत, पण पर्याय आहे का हे जरूर विचारावे. धूम्रपान सोडावे, दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवाव्यात. मागे राहिलेला बारीक कण हाच पुष्कळदा नव्या खड्याचा गाभा ठरतो. तेव्हा जेवताना पुन्हा किंचित जरी फुगवटा जाणवला, तरी खडा दुर्बिणीच्या जाळीत मावेल एवढा लहान असतानाच सोनोग्राफी करून घ्यावी.