परीकथा ॲनिमेशनपटांतील प्रतिनिधित्व

परीकथांवर बेतलेल्या ॲनिमेशनपटांत कोणत्या वर्णाची, देहयष्टीची, भाषेची माणसे नायक-नायिका होतात आणि कोणाच्या वाट्याला खलपात्र किंवा विदूषक येतो, याचा विचार या विषयात केला जातो. चितारलेल्या चित्रपटात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण तेथे योग्य नट मिळाला नाही ही सबब चालत नाही. प्रत्येक गालाचा रंग कोणीतरी ठरवून भरलेला असतो.

डिस्नेच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटाची (१९३७) बर्फासारखी गोरी नायिका ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या कथासंग्रहातून आली. मराठीत तिची ‘हिमगौरी’ झाली आणि गोरेपणा पुन्हा नावातच बसला. १९५० ची सिंड्रेला आणि १९५९ ची निद्रिस्त राजकन्या याच साच्यातल्या होत्या.

‘अलादीन’चे उदाहरण बारकाईने पाहण्याजोगे आहे. ही कथा फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालाँ यांना सीरियातील अलेप्पोच्या हन्ना दियाबने सांगितली आणि गालाँ यांच्या पुस्तकात अलादीन चीनमध्ये राहतो. १९९२ च्या चित्रपटाने त्याला अग्राबा या काल्पनिक अरबी शहरात नेले. तेथे नायक सफाईदार अमेरिकी उच्चारांत बोलतो, तर बाजारातले फेरीवाले जड उच्चारांत. आरंभीच्या गीतात चेहरा न आवडल्यास कान कापले जातात अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकी संघटनांच्या आक्षेपानंतर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली गेली, मात्र त्या प्रदेशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला.

२००९ मध्ये टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या आली. न्यू ऑर्लिन्समध्ये स्वतःचे खानावळवजा उपाहारगृह काढू पाहणारी ही कष्टाळू मुलगी चित्रपटाचा बराचसा काळ हिरवी बेडकी असते, ही टीका रास्त म्हणावी लागेल. पुढे सल्लामसलतीची पद्धत बदलली. ‘मोआना’साठी (२०१६) प्रशांत महासागरातील बेटांवरच्या जाणकारांचे सल्लागार मंडळ नेमले गेले आणि २०१७ मध्ये तो चित्रपट न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेत आला. ‘फ्रोझन’च्या दुसऱ्या भागासाठी (२०१९) उत्तर युरोपातील मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांच्या प्रातिनिधिक संस्थांशी लेखी करार झाला व उत्तर सामी भाषेत ध्वनिमुद्रणही झाले.

वर्णाइतकी चर्चा शरीराची होत नाही. कुरूपता हा शाप आणि देखणेपणा हे बक्षीस, ही परीकथांची जुनी रीत आहे. ‘श्रेक’ने (२००१) ती उलटवली, त्यात राजकन्या अखेर राक्षसीच राहते. बडोद्याच्या प्रेक्षकाला हा धागा परका नाही. सतराव्या शतकातील बडोद्याचे आख्यानकवी प्रेमानंद यांच्या गुजराती ‘नळाख्यान’ात कर्कोटक नागाच्या दंशाने विद्रूप झालेला नळ बाहुक म्हणून वावरतो. पण शेवटी त्यालाही मूळ रूप परत मिळतेच. नायिकेचे रूप ठरवण्याचे कामही या शहराने पूर्वी पाहिले आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पौराणिक चित्रे रंगवून घेतली. रविवर्मांच्या कित्येक पौराणिक नायिका नऊवारी धाटणीच्या साडीत आहेत, आणि छापील प्रतींमुळे तेच रूप घरोघरी पोहोचले. दादासाहेब फाळके यांनी कलेचे शिक्षण घेतले तेही बडोद्याच्या कलाभवनात.

भाषेचा प्रश्न मात्र बडोद्यात वेगळ्या रीतीने उभा राहतो. दांडिया बाजारातल्या किंवा रावपुऱ्यातल्या मराठी घरात मूल आजीशी मराठी बोलते, अंगणात गुजराती आणि पडद्यावरची राजकन्या बहुधा हिंदीत ऐकते. नायिकेचा वर्ण बदलला तरी तिच्या तोंडी घरची भाषा येत नाही. त्याच आजीच्या गोष्टीतली नायिका मात्र लेकीकडे निघालेली, वाघाला शब्दांत गुंतवणारी आणि परतताना भोपळ्यात बसून ‘टुणूक टुणूक’ येणारी म्हातारी असते. केस पांढरे झालेल्या अशा नायिका परीकथा ॲनिमेशनपटांत क्वचितच आढळतात. तेथे म्हातारी असते ती बहुधा चेटकीण किंवा वर देणारी परी.