गोव्यातील जुनी वस्ती: किनारा की नदीकाठ?

‘गोव्यात माणूस समुद्रकिनारीच वसला; आतला भाग पोर्तुगीज येईपर्यंत निव्वळ रान होता,’ असा मजकूर अनेक वर्षे फिरत आहे. आजची गजबज किनाऱ्यावर असल्याने तो पटणे स्वाभाविक आहे.

मात्र समुद्रापासून बरेच आत, सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर बैल, हरणे आणि चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली असून ती खोदचित्रे प्रागैतिहासिक मानली जातात. पाऊस ओसरल्यावर ती जाऊन पाहता येतात. त्याच नदीवरचे चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, ही भोज राजघराण्याची राजधानी होती. कदंब राजांचे गोपकपट्टण जुवारी नदीवर, तर जुने गोवे मांडवी नदीवर. नकाशावर या जागा शोधल्या, तर नदी धरून राहण्याचा कल आपोआप दिसतो.

नदीकाठी गोडे पाणी, गाळाची जमीन आणि होडीची वाट एकत्र मिळत असे. जिथवर भरतीचे खारे पाणी चढते, तिथे बांध घालून, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी पाण्याची दारे, म्हणजे मानस, बसवून खाजन शेती उभी राहिली, तीही पोर्तुगीज आले त्या १५१० च्या कितीतरी आधी. किनाऱ्यावर मासेमारांची वस्ती नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. भाताचे कोठार मात्र खाजनांत होते.