आलेखन-उपकरण पृच्छा

शास्त्रीय आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘तुझ्यापाशी कोणकोणती आउटपुट उपकरणे आहेत?’ असे विचारण्याची सोय. येथे उपकरण या संज्ञेत पडद्यावरची खिडकी, प्रिंटर व प्लॉटर यांच्याबरोबरच पोस्टस्क्रिप्ट, पीडीएफ, पीएनजी अशा फाइलीही येतात. प्रत्येकामागे एक ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाला समजेल अशा रूपात चित्र पोचवणारा सॉफ्टवेअरचा भाग, असतो; प्रणालीनुसार त्याला डिव्हाइस, टर्मिनल, वर्कस्टेशन किंवा बॅकएंड म्हणतात.

या पृच्छेचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. कॅलकॉम्प 565 (1959) या ड्रम-प्लॉटरपासून आणि 1970 च्या दशकाच्या आरंभीच्या टेक्ट्रॉनिक्स 4010 टर्मिनलपासून उपकरणागणिक उपनित्यांचे (सबरूटीनांचे) वेगळे संच तयार झाले. सारखीच नावे असलेला दुसरा संच जोडला की तोच प्रोग्रॅम दुसऱ्या उपकरणावर चाले. उपकरण-निरपेक्षतेचे बीज येथे आहे, असे म्हणता येते. मात्र अशा प्रोग्रॅमला स्वतःला काही विचारता येत नसे, निवड जोडणीच्या वेळीच होऊन गेलेली असे. म्हणून पृच्छेचा खरा आरंभ ग्राफिकल कर्नल सिस्टिम (जीकेएस) या प्रमाणकात मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पश्चिम जर्मनीतील डीआयएन या संस्थेत वाढलेले हे प्रमाणक 1985 मध्ये आयएसओ 7942 म्हणून स्वीकारले गेले.

जीकेएसमध्ये ‘उपलब्ध वर्कस्टेशन प्रकार’ आणि ‘उघडलेली वर्कस्टेशने’ यांसाठी दोन स्वतंत्र पृच्छा आहेत. हा भेद मूलभूत असून पुढच्या अनेक प्रणालींच्या वापरात तोच विसरला जातो. फोर्ट्रानमध्ये पहिलीचे नाव जीक्यूईडब्ल्यूके. तिला क्रमांक दिला की एकूण प्रकारांची संख्या व त्या क्रमांकाचा प्रकार मिळतो, त्यामुळे पूर्ण यादीसाठी ती पुनःपुन्हा बोलवावी लागते. शिवाय प्रकार हा नुसता पूर्णांक असतो आणि त्याचा अर्थ प्रमाणकाने ठरवलेला नाही. एनसीएआर या अमेरिकी वातावरण-संशोधन केंद्राच्या जीकेएसमध्ये एक्स खिडकीचा (युनिक्सवरील एक्स-११ या खिडकी-प्रणालीतील खिडकीचा) प्रकार 8, तर जीआर या आलेखन-संचातील जीकेएसमध्ये 211. यादी हाती आली तरी ती वाचायला त्या त्या प्रणालीची पुस्तिका लागतेच.

खगोलशास्त्रज्ञांत रुजलेल्या पीजीप्लॉट या आलेखन-लायब्ररीने आकड्यांऐवजी ‘/एक्सविंडो’, ‘/पीएस’, ‘/नल’ अशी नावे वापरली. उपकरणाच्या जागी प्रश्नचिन्ह दिले की यादी छापली जाते. प्रोग्रॅमसाठी पीजीक्यूएनडीटी प्रकारांची संख्या देते. पीजीक्यूडीटी नाव, वर्णन आणि उपकरण संवादी आहे की नाही हे सांगते. यादीत काय असावे हे मात्र संकलनापूर्वीच (कंपाइल करण्यापूर्वीच) ठरते : ड्रायव्हरांच्या यादी-फाइलीत ज्या ओळीआधी उद्गारचिन्ह राहिले, तो ड्रायव्हर प्रोग्रॅमपुरता अस्तित्वातच नसतो.

ग्नूप्लॉट या आलेखन-प्रोग्रॅममध्ये (1986) ‘सेट टर्मिनल’ ही आज्ञा पुढे काहीही न लिहिता दिली की यादी येते. तीही संकलनावरच ठरते. कैरो या चित्रण-लायब्ररीशिवाय बांधलेल्या प्रतीत ‘पीएनजीकैरो’ दिसणार नाही. पीएलप्लॉट या आलेखन-लायब्ररीत ड्रायव्हर चालू स्थितीतही भरता येतात.

यावरून ‘उपलब्ध’ या शब्दाचे तीन अर्थ वेगळे ठेवावे लागतात : प्रतीत बांधलेला ड्रायव्हर, मागाहून भरता येणारा ड्रायव्हर आणि या क्षणी प्रत्यक्ष उघडू शकणारे उपकरण. बहुतेक याद्या पहिल्याच अर्थाचे उत्तर देतात. एक्स-११ ड्रायव्हर यादीत असतो, पण दूरच्या संगणकावर पडदा जोडलेला नसला तर खिडकी उघडत नाही. पुष्कळ गोंधळ येथूनच होतात. आर या संख्याशास्त्रीय भाषेतील ‘कॅपेबिलिटीज’ हे फंक्शन या बाबतीत अधिक काटेकोर आहे. एक्स-११ विषयी उत्तर देण्यापूर्वी ते पडद्याशी संपर्क होतो का, हे तपासते. त्याच भाषेतील ‘डेव्ह.लिस्ट’ मात्र केवळ उघडलेली उपकरणे दाखवते, उपलब्ध नव्हे. पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब ही आलेखन-लायब्ररी 3.0 पासून (2018) बॅकएंड नेमून दिलेला नसेल तर संवादी बॅकएंड क्रमाने आजमावते आणि एकही न चालल्यास खिडकीविना चित्र बनवणाऱ्या ‘ॲग’वर येते.