मक्याची न लोळण्याची क्षमता

वारा-पावसाच्या माऱ्यातही मक्याचे ताट काढणीपर्यंत उभे ठेवणाऱ्या गुणांना मिळून हे नाव आहे. विदर्भात ‘मका झोपला’ म्हणतात तेव्हा त्यात दोन वेगळे प्रकार असू शकतात. खोड शाबूत राहून ताट मुळासकट कलंडते ती मूळलोळण. कणसाच्या खाली खोडच मोडते ती खोडलोळण. दोन्हींमागची कारणे निराळी असल्याने एका परीक्षेत उतरलेले वाण दुसरीत नापास होऊ शकते.

खोडाची ताकद मुख्यतः सालीत असते. ज्वारीच्या धांड्याची साल आणि भेंड वेगळे करून गाड्या बनवणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही: साल चिवट, भेंड बोटाने दबणारे. मक्यातही वाहिन्यांचे पुंजके कडेला दाटीने असतात आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी लिग्निनने, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या द्रव्याने, कडक झालेल्या असतात. म्हणून पैदासकार सालीत सुई खुपसायला किती जोर लागतो ते मोजतात. जाडीचे गणितही मोठे आहे. वाकून मोडण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. घडण तीच राहून खोड 2 सेंटीमीटरऐवजी 2.2 सेंटीमीटर झाले, तर ताकद सुमारे एक तृतीयांशाने वाढते. तळाची कांडी आखूड असणे हीही जमेची बाजू.

कणीस जितके वर, तितका वाऱ्यात बुंध्यावर ताण जास्त. ते ताटाच्या निम्म्या उंचीवर किंवा त्याखाली असलेले बरे. नुसती बुटकी जात निवडून भागत नाही, कारण बुटक्या ताटावरही कणीस वर असू शकते.

विदर्भात मूळलोळणीकडे जास्त लक्ष द्यावे लागते. बुलढाण्याच्या मका पट्ट्यातली भारी काळी जमीन सुकली की भेगाळते आणि भिजली की लोण्यासारखी मऊ होते. झडीनंतर वारा सुटला की मुळांची पकड तिथेच सुटते. भंडारा-गोंदियाकडे धानानंतर मका घेतात. चिखलणी केलेल्या बांधीत (धानाच्या खाचरात) खालचा थर कडक असल्याने मुळे उथळ राहतात. अशा वेळी पहिल्या एक-दोन पेऱ्यांवरून फुटणारी आधारमुळे तंबूच्या तणाव्यांसारखी कामी येतात. त्यांची संख्या, जाडी आणि जमिनीशी होणारा कोन वाणावर अवलंबून असतो. मात्र हवेत लोंबकळणारे मूळ आधार देत नाही, ते मातीत शिरायला हवे. डवऱ्याच्या (कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे पास धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळून तासांमध्ये सऱ्या पाडल्या की बुंध्याला माती लागते आणि या गुणाला जोड मिळते.

दाणे भरताना वेगळीच ओढाताण सुरू होते. कणसाला साखर हवी असते. पाने करपली, पाणी तुटले किंवा नत्र संपले, तर ती खोडातून उपसली जाते. रिकाम्या झालेल्या खोडात फ्युजेरियम बुरशी सहज शिरते, आणि उष्णता-दुष्काळात खोडाच्या आत काळी भुकटी पाडणारी कोळसा कूज येते. खोडकिड्याने पोखरलेले ताट तर आधीच अर्धे गेलेले असते. त्यामुळे शेवटपर्यंत पाने हिरवी ठेवणारे वाण नुसते देखणे नसते, त्याचे खोडही टिकते. पालाशाची (पोटॅशची) कमतरता खोडकूज वाढवते. 60 × 20 सेंटीमीटर अंतरावर हेक्टरी सुमारे 83,000 ताटे बसतात. त्याहून दाटी केली की ताटे उजेडासाठी उंच व सडपातळ होतात आणि चांगले वाणही बदनाम होते.

या गुणाची किंमत गोठ्यात मोजावी लागते. लिग्निन जास्त असलेला कडबा गुरांना कमी पचतो. उलट, कमी लिग्निनच्या, तपकिरी शिरेच्या उत्परिवर्तित जाती चाऱ्याला उत्तम पण उभ्या राहण्यात कमकुवत. धान्य आणि कडबा दोन्ही मोजणाऱ्या कास्तकाराला हा सौदा आपल्या वावरापुरता ठरवावा लागतो.

तुरा येण्यापूर्वी कलंडलेला मका बराच सावरतो: पेऱ्याजवळची खालची बाजू जास्त वाढते आणि खोड हंसाच्या मानेसारखे वळून पुन्हा वर उठते. तुऱ्यानंतर हे जवळजवळ होत नाही. पक्वतेच्या सुमारास खालचे कांडे अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून पाहतात. ते चेपले, तर आत कूज लागली आहे असे समजून त्या तुकड्याची काढणी आधी उरकतात, मग दाण्यात ओल थोडी जास्त असली तरी चालते.